सव्विसावा पत्रा

"त्याला सांगा, कड दाबून धर म्हणावं. शेवटची घडी मारतोय."

हे वाक्य दादांनी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आपल्या सख्ख्या भावासाठी म्हटलं होतं, पण म्हणताना पाहिलं मात्र काचवाल्या ताईंकडे. ताई परांचीच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या चौकटीभोवती सिलिकॉन भरत होत्या. त्यांनी मानही न वळवता निरोप पोचवला.

"डावऱ्या, कड दाबून धर."

"धरलीय म्हणावं. केव्हाची."

"केव्हाची धरलीय म्हणतो."

"ऐकू आलं मला," असं म्हणून दादांनी लाकडी हातोडा उचलला. एरवी शिवण डावऱ्या मिटवे, पण भिंतीची शेवटची घडी दादांची असे.

सहा-सात हलके ठोके पडले. जस्ताच्या दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत गुंतल्या, दुमडल्या आणि एक उभी शिवण वरपासून खालपर्यंत सरळ उतरली. हा एकतिसावा, शेवटचा पत्रा. विद्यापीठाच्या नव्या इमारतीची पश्चिमेची भिंत पुरी झाली होती. छतापासून वाचनालयाच्या दारापर्यंत नऊ मीटर लांबीचे एकतीस राखाडी पत्रे आणि मध्ये तेवढीच उंच, माणसाच्या दोन हातांत मावेल एवढ्या रुंदीची काच. भिंतीत एकही खिळा दिसत नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, पत्रे आपले आपणच उभे आहेत.

दोघा भावांत सात वर्षं अबोला होता. एकाच साइटवर, एकाच परांचीवर, एकाच पत्र्याची दोन टोकं धरून आठ-आठ तास काम करायचं आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, हे तसं येरागबाळ्याचं काम नव्हे. वेगळं होण्याची सोय नव्हती, कारण ही शिवण एकट्यानं होत नाही. एकानं पुढे राहून पत्र्याला भिंतीशी धरणाऱ्या क्लिपा मारायच्या, दुसऱ्यानं मागून पत्र्याची कड मिटवत यायचं. बाबांनी दोघांना जोडीनं शिकवलं होतं आणि दोघांचे हात एकमेकांना इतके सरावलेले होते, की दुसऱ्या कोणाबरोबर ते चाललेच नसते. तेव्हा बोलणं बंद झालं आणि काम चालू राहिलं. निरोप न्यायला कोणी ना कोणी सापडायचंच. या साइटवर ती पाळी ताईंवर आली होती.

"मी काच बसवायला आलेय, टपाल वाटायला नाही," असं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. पण वाटत राहिल्या.

दादा खाली उतरले आणि जिन्याखालच्या सावलीत आपली पेटी उघडून बसले. परांची उद्या सकाळी सातला उतरायची होती, त्याआधी सामान आवरायचं होतं. उरलेल्या घट्ट क्लिपा मोजून परत द्यायच्या, म्हणून त्यांनी कमरेची थैली डब्यात रिकामी केली, डबा गोणपाटावर पालथा केला आणि दहा-दहाचे ढीग लावले. तीन ढीग झाले. त्यांनी डबा पुन्हा झटकला, पेटीचा तळ चाचपला आणि ढीग परत मोजले. तीनच.

पन्नास उरायला हव्या होत्या. शंभराचा हा डबा बाविसाव्या पत्र्याला फोडला होता. तिथून दहा पत्रे झाले, पत्र्याला पाच क्लिपा. हिशेब पोराटोरांनाही जमेल असा होता, आणि त्यात वीस कमी पडत होत्या.

घट्ट क्लिपा मोजूनच लागत, कारण त्या पत्र्याच्या फक्त वरच्या भागात मारायच्या असतात. जस्त उन्हानं वाढतं. नऊ मीटरचा पत्रा कडक उन्हाळ्यात करंगळीच्या रुंदीइतका वाढतो आणि थंडीत तेवढाच आखडतो. म्हणून वर पाच घट्ट क्लिपा पत्र्याला जागच्या जागी धरून ठेवतात, आणि खालच्या पंचवीस सरकत्या असतात. त्या पत्र्याला भिंतीला टेकवून ठेवतात, पण खाली वाढू देतात. सरकत्या क्लिपा पोत्यानं येत, त्या कोणी मोजत नसे. घट्ट क्लिपांचा डबा मात्र दादा स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवत.

वीस क्लिपा कुठे पडत नाहीत, आणि कोणी पळवल्या तरी त्यांचं करणार काय? दादांनी ढिगाकडे बघत हिशेब उलटा मांडून पाहिला. एखाद्या पत्र्याला वर पाच सरकत्या आणि खाली पंचवीस घट्ट मारल्या, तर घट्ट क्लिपा बरोबर वीस जास्त लागतात.

उलटं झालं असलंच, तर ते कोणत्या दिवशी झालं असेल हे त्यांना तेव्हाच कळलं.

मोठी काच आली तो दिवस. ती उचलायला आठ हात हवे होते. ताईंनी हाक मारली, आणि काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून दादांनी कमरेच्या दोन्ही थैल्या आकड्यांवरून काढून खाली ठेवल्या. काच उभी राहिली. ताईंनी खिशातून लायटर काढून तिच्यासमोर पेटवला. त्या प्रत्येक काचेपुढे असा लायटर धरत. दुहेरी काचेत एका ज्योतीच्या चार ज्योती दिसतात आणि त्यातली एक वेगळ्या रंगाची असते. ऊन अडवणारा लेप कोणत्या बाजूला आहे ते तिच्यावरून समजतं. लेप उलटीकडे गेला, तर वाचनालयाची भट्टी होणार.

"लेबल आहे की काचेवर. 'ही बाजू बाहेर' म्हणून लिहिलंय," दादा म्हणाले होते.

"लेबल चिकटवणाराही माणूसच ना?" असं म्हणून ताईंनी चारही ज्योती नीट मोजल्या होत्या.

त्यानंतर दादांनी घाईत थैल्या कमरेला अडकवल्या आणि काचेला लागून असलेल्या सव्विसाव्या पत्र्याच्या क्लिपा मारायला घेतल्या. उजव्या हातात स्क्रूची मशीन, डाव्या हातानं डाव्या थैलीतून सरकती क्लिप काढायची. वरच्या पाचांपुरता हात उजव्या थैलीत घालायचा. चाळीस वर्षं ते हे न बघता करत आले होते. नजर ओळंब्याच्या दोरीवर, आणि क्लिप कोणती आहे ते बोटं सांगत.

पण गेल्या हिवाळ्यापासून बोटं काही सांगेनाशी झाली होती. टोकं बधिर झाली होती, जशी काही कोणी दुसऱ्याचीच लावलीत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. शर्टाचं वरचं बटण लावायला फार वेळ लागे म्हणून ते उघडंच ठेवत, आणि बायको म्हणे, या वयात हा काय थाट! जवळचं दिसायला चष्मा होता, पण तो खिशात असे. परांचीवर चष्मा लावलेला दादा कोणी पाहिला नव्हता, आणि कोणी पाहावा अशी त्यांची इच्छाही नव्हती.

त्यांनी लागल्या तर म्हणून मूठभर क्लिपा परत थैलीत टाकल्या, बाकीच्या डब्यात भरल्या, पेटीला कुलूप घातलं आणि सरळ इंजिनिअरच्या केबिनकडे निघाले.

इंजिनिअर भला माणूस होता, फक्त कोणाशीही बोलताना त्याचा अर्धा जीव फोनमध्ये असे.

"सव्विसावा पत्रा उघडायचाय," दादा दारातूनच म्हणाले.

"उघडायचाय म्हणजे?"

"काचेकडची कड सोडवायची. आतल्या क्लिपा बघायच्यात."

"अहो दादा, उद्या सातला परांची उतरतेय. परवा कुलगुरू येतायत भिंत बघायला. काय झालंय त्या पत्र्याला?"

"क्लिपांची खात्री नाही."

"डावऱ्यानं काही घोळ घातला का?"

"क्लिपा मी मारतो. तो मागून शिवण मिटवतो."

इंजिनिअर हसला. "मग झालं तर! तुमच्या क्लिपा आणि त्यांची खात्री मी करायची? दादा, दमलायत तुम्ही. घरी जा, झोप काढा."

दादा जागचे हलले नाहीत. हा मोठेपणा एरवी त्यांना आवडला असता, आज तो टोचला.

"साहेब, आत घट्ट क्लिपा गेल्या असतील, तर पत्र्याला वाढायला जागा नाही. उन्हाळ्यात तो फुगणार आणि बाजूच्या चौकटीला रेटणार. त्या चौकटीत काच आहे. काचेखाली दार आहे वाचनालयाचं, दिवसभर मुलं जायची-यायची."

आता इंजिनिअरनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आणि क्लिपा बरोबर निघाल्या तर?"

"तर मी मूर्ख ठरेन. ते चालेल."

इंजिनिअरनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पाच वाजता मला भिंत बंद हवी," तो म्हणाला.

ताईंना सांगणं त्याहून अवघड गेलं. पत्रा आणि काच यांच्यामधल्या फटीत त्यांनी परवाच सिलिकॉनची रेघ ओढली होती, नऊ मीटर, कुठेही हात न थांबवता. ती कापल्याशिवाय पत्र्याची कड झाकणारी पट्टी निघणार नव्हती.

"परवा भरलंय मी हे," ताई म्हणाल्या. "बोट फिरवून बघा, एक खड्डा सापडला तर नाव बदलीन."

"कामात खोट नाहीच तुमच्या. माझ्याच कामात असेल."

"असेल म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की असतं तर उघडून बघायला कशाला आलो असतो? तुम्हीच नाही का लायटर पेटवत लेबल असताना?"

ताईंनी कमरेचं पातं काढलं आणि आपलीच रेघ वरून कापायला घेतली. कापताना त्या तोंडातल्या तोंडात बरंच काही म्हणत होत्या. ते दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात डावऱ्या शिडीवरून वर आला. ताईंच्या हातातलं पातं पाहून तो शेवटच्या पायरीवरच थबकला.

"ताई, हे काय चाललंय?"

"तुझ्या भावाला सव्विसावा उघडून बघायचाय."

"त्याला सांगा, सव्विसाव्याला हात लावू नको म्हणावं."

"का?"

"ठीक आहे तो."

"त्याला विचारा, क्लिपा बघितल्या होत्या का त्यानं," दादा म्हणाले.

डावऱ्यानं ताईंची वाट पाहिली नाही. "बघितल्या होत्या म्हणावं. शिवण मीच मिटवली ना? बरोबर आहेत."

"मग वीस क्लिपा कुठे गेल्या, विचारा."

डावऱ्या वर आला आणि परांचीच्या फळीवरची धूळ पायानं बाजूला करत राहिला.

दादांना आश्चर्य वाटलं ते त्याच्या गप्प बसण्याचं. या माणसाला गप्प बसता येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आलं असतं, तर ही सात वर्षं अशी गेली नसती.

बाबा तेव्हा सत्तरीला टेकले होते, तरी पुढे राहून क्लिपा मारायचे. त्यांच्या मागे शिवण मिटवायला डावऱ्या असे, आणि दादा दुसऱ्या भिंतीवर. बाबांची नजर अधू होत चालली होती, चुका होत होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. एक दिवस भर दुपारी, साइटवरची चाळीसेक माणसं जेवायला बसलेली असताना, डावऱ्या वरून ओरडला, "बाबा, तुम्हाला आता दिसत नाही! खाली उतरा आधी!" बाबा उतरले. हातोडा फळीवर ठेवला, हात धुतले आणि घरी गेले. त्यानंतर ते कुठल्याही परांचीवर चढले नाहीत, आणि वर्षभरात गेलेच. डावऱ्याचं म्हणणं खरं होतं हे दादांनी कधी नाकारलं नाही. पण सगळ्यांदेखत? दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. दोघांच्या बायकांचं मात्र उत्तम चाललं होतं. त्या रोज तासभर फोनवर बोलत आणि नवऱ्यांच्या अबोल्याला हसत.

"त्याला सांगा, हीट गन घेऊन ये म्हणावं," दादा म्हणाले.

"ताई, त्याला सांगा—" डावऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "काही नाही," आणि हीट गन आणायला खाली गेला.

दुमडलेलं जस्त थंड असताना उलगडलं, तर घडीवर चिरतं. आधी ते गरम करावं लागतं, तेही हाताला सोसेल इतपतच, आणि मग दुसऱ्यानं पकडीनं कड हळूहळू उघडायची. ऊन आता भिंतीवर तिरपं आलं होतं. डावऱ्या डाव्या हातात हीट गन धरून वीतभर पुढे चालला, दादा पकड घेऊन वीतभर मागे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडे पाहत नव्हतं. पण हीट गन जिथे थांबे तिथे पकड पोचलेली असे, आणि पकड अडली की हीट गन आपसूक मागे येई. ताई पातं पुसायचं सोडून बघत राहिल्या.

वरच्या पाच क्लिपांच्या बरीच खाली, भिंतीच्या मध्यावर, हातभर कड सुटली. दादांनी पत्रा दोन बोटांनी अलगद ओढून धरला आणि आत हात घातला. क्लिप बोटांना लागली. लागली म्हणजे काहीतरी अडलं, एवढंच. ती घट्ट आहे की सरकती, बोटांनी काहीही सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा चाचपलं.

मग त्यांनी हात बाहेर काढला, शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि तिथेच, परांचीवर, दोघांच्या समोर डोळ्यांना लावला.

ताईंनी हातातला टॉर्च पुढे केला. दादा फटीत वाकले.

क्लिप सरकती होती. तिच्याखालची सरकती होती, आणि तिच्याखालचीही. दादांनी सुटकेचा श्वास घेतला, पण तो अर्ध्यातच अडला. प्रत्येक क्लिपेच्या बाजूला आतल्या लाकडी फळीवर दोन छोटी भोकं होती, सिलिकॉननं नीट बुजवलेली. तिथे आधी दुसरी क्लिप होती. भोकांजवळ पेन्सिलीनं केलेली बरोबरची खूण होती, त्यांची स्वतःची. प्रत्येक क्लिप मारून झाली की अशी खूण करायची, ही बाबांची शिकवण. आणि त्या खुणेशेजारी आणखी एक खूण होती, आरशात पाहिल्यासारखी, लांब दांडी डावीकडे गेलेली. डावऱ्या लहानपणापासून अशीच करायचा. शाळेत त्यानं त्याबद्दल मारही खाल्ला होता.

दादा वाकलेलेच राहिले. त्यांना मान वर करावीशी वाटेना.

"काय सापडलं?" खालून इंजिनिअरचा आवाज आला. तो कमरेवर हात ठेवून वर बघत होता. त्याच्या मागे रंगारी, फरशीवाले, उद्या परांची उतरवणारी माणसं, अशी दहा-बाराजणं गोळा झाली होती.

"काही नाही साहेब!" दादांनी तोंड उघडायच्या आत डावऱ्या मोठ्यानं म्हणाला. "सगळं बरोबर आहे! उगाच शंका! आत्ता बंद करतो!"

इंजिनिअरनं हात उडवले. "सांगत होतो मी! दादा, तुमचं काम कधी—"

"बरोबर नव्हतं," दादा म्हणाले.

ते सरळ उभे राहिले होते. चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

"मी सगळ्या क्लिपा उलट्या मारल्या होत्या," ते खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "थैल्या उलट्या अडकवल्या, आणि हाताला कळलं नाही. माझ्या बोटांना हल्ली कळत नाही. यानं तीसच्या तीस काढून पुन्हा मारल्यात. पत्रा आता बरोबर आहे, तो याच्यामुळे."

इंजिनिअरचा फोन वाजला आणि त्यानं तो न बघताच बंद केला.

दादा भावाकडे वळले. सात वर्षांनी त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कानांजवळचे केस पांढरे झाले होते, हे रोज शेजारी उभं राहूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणखी कुठे?" त्यांनी विचारलं.

डावऱ्यानं सवयीनं ताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ताई म्हणाल्या. "तुला विचारलंय त्यानं." आणि त्या काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"नवव्यात सहा," डावऱ्या खालच्या आवाजात म्हणाला. "सतराव्यात चार. बाकी सगळे बरोबर आहेत, दादा. मी एकेक क्लिप बघितलीय."

"त्या क्लिपा कमी पडल्या नाहीत कधी."

"तू जेवण झाल्यावर जिन्याखाली डुलकी काढतोस ना, तेव्हा बदलल्या आणि डब्यात परत टाकल्या. या वेळी तू डब्यापाशीच झोपलास. मग पेटीला कुलूप लावूनच झोपायला लागलास. वीस क्लिपा माझ्या पिशवीत आहेत अजून."

"सांगायचंस मला."

"कसं सांगणार? बोलतोस का तू माझ्याशी? ताईंच्या तोंडून सांगायचं होतं?"

दादांनी पकड फळीवर ठेवली.

"एकदा सगळ्यांसमोर बोललो," डावऱ्या हीट गनच्या वायरीचा पीळ सोडवत म्हणाला. "एका जन्माला तेवढं पुरे."

वायरीला पीळ नव्हताच. तरी तो ती सोडवत राहिला. दादांचे डोळे भरून आले होते, आणि चष्म्यामुळे ते लपवायची सोय झाली.

"दादा," इंजिनिअर खालून म्हणाला. आवाज आता बेताचा होता. "पुढच्या महिन्यात सभागृहाचं छत सुरू होतंय. ते तुमच्या जोडीलाच द्यायचं ठरलंय. म्हणजे... क्लिपांचं कसं करायचं?"

"क्लिपा हा मारेल," दादा म्हणाले.

त्यांनी कमरेच्या दोन्ही थैल्या आकड्यांवरून काढल्या. क्षणभर त्या हातांत धरून उभे राहिले, मग चष्म्यातून नीट बघून, एकेक क्लिप बाहेर काढून खात्री केली आणि भावाच्या कमरपट्ट्याला अडकवल्या. घट्ट क्लिपांची डावीकडे, सरकत्यांची उजवीकडे.

डावऱ्यानं मान खाली घालून पाहिलं. "उलट्या अडकवल्यास."

"मशीन कुठल्या हातात धरतोस तू?"

डावऱ्यानं डाव्या हातातली हीट गन उजवीकडे घेतली आणि मोकळा डावा हात उगाच पँटला पुसला.

"मग क्लिप कुठल्या हातानं काढशील? बरोबर आहेत तुला," दादा म्हणाले. "चल, पाचच्या आत बंद करायचंय. पुढे हो."

साडेतीन वाजले होते. भिंत तापायला लागली होती आणि आत कुठेतरी पत्रे सावकाश खाली सरकत होते, कसलाही आवाज न करता. ताईंनी सिलिकॉनची नवी नळी कापून गनमध्ये बसवली आणि दोघांचं होण्याची वाट बघत बसल्या. डावऱ्या पुढच्या जागेवर गेला. तिथून त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. दादांनी वाकून पत्र्याची कड दोन्ही तळव्यांनी दाबली होती, बोटं न वापरता.

"कड दाबून धर, दादा."

"धरलीय," दादा म्हणाले. "केव्हाची."